आखाडातले सत्यनारायण

"आमटी कसली ती, तांब्याचा काढा व्हता नुसता," खिडकीकडची बाई म्हणाली. "दोन दिवस जीभ अशी, जुना पैसा चोखल्यावानी."

"कळकली आसंल," तिच्या शेजारची म्हणाली. "हिवरमाळवाल्यांचा सप्ता म्हंजे नाव मोठं. पातेल्यावर तर केवढं नाव ठोकलंय. आन् आत बघावं, तर कल्हईचा ठिपका न्हाई."

जीप नारायणगावच्या स्टँडवरून सुटली होती. मधल्या सीटवर तिघींच्या जागेत पाच जणी बसल्या होत्या आणि त्यांतली अगदी मधली हिरा होती. मांडीवर मेंढरांसाठी घेतलेली पेंड, आणि दोन्ही बरगड्यांत दोन परक्या बायांची कोपरं. हिरा हिवरमाळचीच. एवढंच नव्हे, तर त्या पातेल्याच्या खोलीची किल्ली तिच्याच पदराच्या गाठीत होती. तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि "कुठल्या वो तुमी?" असं कुणी विचारायच्या आत एक फाटा अलीकडंच उतरली. पेंड डोक्यावर घेऊन दीड मैल चालली. पण तोंड लपवून घरी आलं म्हणून काही कळकलेली आमटी गोड होत नाही.

हिवरमाळ ही आणे गावाच्या अलीकडची, पठारावरची साठ-सत्तर उंबऱ्यांची वाडी. वरल्या आळीत मेंढरंवाले, खालच्या आळीत शेतीवाले, मधे मारुतीचं देऊळ. देवळाला चिकटून पत्र्याची खोली आणि त्या खोलीत थोरलं पातेलं. पठारावरच्या माणसाला तुम्ही काळं म्हणा, कंजूष म्हणा, तो हसून सोडून देईल. त्याच्या आमटीला नाव ठेवलंत, तर मात्र पुढच्या लग्नाची पत्रिका यायची नाही.

हे पातेलं तांब्याचं. रिकामं उचलायला दोन गडी, भरलेलं उतरवायला चार. बारा वर्षांपूर्वी गोजरबाईंनी ते नवऱ्याच्या नावानं वाडीला दिलं. भगवंतबुवा माळकरी, पखवाज वाजवायचे, आणि मरताना बायकोला सांगून गेले होते की माझ्या मागं तेरवीचा थाट नको, एक भांडं द्या. त्या भांड्याच्या काठावर ठोकून लिहिलं होतं: 'कै. भगवंतबुवा यांचे स्मरणार्थ, पत्नी गोजरबाई यांजकडून. यात वशाट करू नये.' ठोकणाऱ्यानं वशाटाचं, म्हणजे मटण-मच्छीचं, ते शेवटचं वाक्य सगळ्यांत खोल ठोकलं होतं. बुवांचं नाव घासून घासून पुसट झालं, पण 'वशाट करू नये' हे आंधळ्याच्या बोटालाही लागावं असं.

बायकांचा गट झाला आणि हिरा त्याची अध्यक्ष झाली, तेव्हा गोजरआक्कांनी किल्ली तिच्या तळहातावर ठेवून मूठ आपल्या हातानं मिटली होती. "हिरे, बुवांचं नाव हाय. जप," एवढंच म्हणाल्या. हिरा "जपते" म्हणाली. ज्या बाईनं आपल्याला चाळिसाव्या वर्षी, अंगणात कोळशानं गिरवून सही शिकवली, तिला दुसरं काय म्हणणार?

आता खरं सांगायचं, तर मेंढरांच्या वाडीत एवढं मोठं पातेलं असावं, आखाड महिना असावा, आणि दोघांची गाठ पडू नये, हे जमणार कसं? पहिलं वर्ष सगळ्यांनी दम काढला. दुसऱ्या आखाडात, श्रावण लागायला चार दिवस उरले असताना, खालच्या आळीतला चांगदेव एका रविवारी सकाळीच पातेलं मागायला आला. सप्त्याच्या कमिटीचा मुख्य माणूस. हिरानं कशाला पाहिजे विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. पुढच्या बुधवारी वरल्या आळीतून मागणी आली, तीही हिराच्या स्वतःच्या नवऱ्याची, दादाभाऊची. चूल मात्र लांब मळ्यात मांडायची, हे न बोलता ठरलं. पातेलं दिवस मावळायच्या आत परत यायचं, आणि हिरा ते चिंच नि राख लावून असं घासायची की तिचा चेहरा त्यात दिसावा. मग आत धूप फिरवायची, तुळशीचं पान टाकायची. शेवटचा हात बुवांच्या नावावरून फिरवताना मनातल्या मनात म्हणायची, बुवा, घ्या सांभाळून.

वाडीत हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. गोजरआक्कांचं घर पत्र्याच्या खोलीला भिंतीला भिंत. म्हातारीच्या जिवाला लागेल, ह्या एका गोष्टीवर दोन्ही आळ्यांचं एकमत होतं. बाकी कशावर नसायचं.

तीन वर्षांपूर्वी ग्रामसेवक ज्ञानेश्वर भाऊसाहेब एक जाड वही घेऊन आले. पुढंमागं गटाला काही अनुदान मागायचं झालं तर वापराची नोंद पाहिजे, म्हणाले. तारीख, कुणी नेलं, कारण, सही. हिरानं वही घेतली. पहिलाच आला तो चांगदेव.

"कारण काय लिवू, दाजी?" तिनं विचारलं.

चांगदेवनं भिंतीपलीकडं पाहिलं. गोजरआक्का ओट्यावर मेथी निवडत बसल्या होत्या. त्यानं घसा खाकरून सगळ्या आळीला ऐकू जाईल असं सांगितलं, "सत्यनारायण."

हिरानं लिहिलं. सहीपलीकडचं अक्षर नवं होतं, जोडाक्षराला वेळ लागला, पण लिहिलं. आणि एकदा तो शब्द वहीत बसल्यावर पुढच्या माणसाला नवीन कारण शोधायची गरज उरली नाही.

जीपमधलं ते ऐकून आल्यावर हिरानं गटाची बैठक बोलावली. कल्हईवाला पूर्वी वर्षातून दोनदा यायचा. तो थकला, त्याच्या पोरानं चाकणला कंपनी धरली, आणि आता अख्ख्या तालुक्यात एवढ्या मोठ्या भांड्याला कल्हई करणारा सापडत नव्हता. भाऊसाहेबांनी बातमी आणली की पंचायत समितीकडून महिला गटांना सामूहिक वापराच्या साहित्यासाठी अनुदान आहे, अर्ज महिनाअखेर, आणि प्रत्येक गणातून एकाच गटाला मिळणार. शेजारच्या वाडीचा गटही अर्ज करतोय, हे त्यांनी जाता जाता सांगितलं. ते सांगितलं नसतं, तर कदाचित अर्ज झालाही नसता.

मग पंधरा दिवस वाडीत अर्जाचं वारं शिरलं. एकवीस बायका फोटो काढायला एका टेंपोतून बेल्ह्याला गेल्या, आणि येताना एकवीस जणींनी एकमेकींचे फोटो बघून एवढं हसून घेतलं की टेंपोवाल्यानं दोनदा गाडी थांबवून काही झालं का म्हणून विचारलं. वरल्या आळीतली तुकाबाई फोटोत हसली नव्हती. दात नाहीत, सरकार म्हणेल हिला ताट कशाला, असं तिचं म्हणणं.

यादी करताना तेवढी ओढाताण झाली. गटाची सचिव सरूबाई, म्हणजे चांगदेवची बायको, तिला चहाचा मोठा थर्मास हवा होता. तुकाबाईला परातीच पराती. शेवटी ताटं, वाट्या, पराती, झारे आणि एक मोठं स्टीलचं पातेलं यावर गाडी आली. तेवढ्यात कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलेल्या गोजरआक्का म्हणाल्या, "पातेली दोन मागा."

"दोन कशाला, आक्का? सप्त्याला एक पुरतं," सरूबाई म्हणाली.

"दोन मागा," आक्का म्हणाल्या आणि सुपारी कातरू लागल्या. पातेलं दिलेल्या बाईचा शब्द. सरूबाईनं एकचा आकडा खोडून दोन केला.

भाऊसाहेबांनी सगळे कागद जोडले, वहीची झेरॉक्स काढली आणि अर्ज तालुक्याला गेला. आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. मंगळवारी मॅडम तपासणीला येणार आहेत, वहीतल्या नोंदींबद्दल काही विचारायचं आहे. आवाजावरून मॅडम रागावल्या होत्या की हसत होत्या ते त्यांना कळलं नव्हतं.

हिरानं वही काढली आणि सरूबाईबरोबर खोलीचं दार लावून बसली. तीन वर्षांत पहिल्यांदाच त्या दोघी ती वही सलग वाचत होत्या. वाचता वाचता सरूबाईचा हात कपाळावर गेला. सत्तेचाळीस सत्यनारायण. त्यांतले एकतीस आखाडात. एकजात सगळे रविवारी, बुधवारी नाहीतर शुक्रवारी. एकादशीला एकही नाही. आणि ज्या श्रावणात घरोघर पूजा असते, त्या अख्ख्या श्रावणात, तीनही वर्षं, पान कोरं.

"आपल्यावानी धार्मिक वाडी दुसरी नसंल," सरूबाई म्हणाली आणि तोंडाला पदर लावून हसली. हिरालाही हसू आलं, पण तिनं पानं पुन्हा पहिल्यापासून उलटली. वही बदलावी म्हटलं, तर झेरॉक्स तालुक्याला पोचलेली. खरं सांगावं म्हटलं, तर भिंतीपलीकडं आक्का. आणि गप्प बसावं, तर भांडी शेजारच्या वाडीला जाणार, नि जीपमधल्या बाया पुढच्या वर्षी पुन्हा जीभ कळकल्याचं सांगणार.

सोमवारी दुपारी ती आक्कांकडं गेली. आधी आपण सांगावं, मग बाहेरून कळू नये, एवढं मनाशी पक्कं करून. आक्कांनी तिच्यासमोर भाजलेल्या शेंगांची परडी सरकवली आणि दादाभाऊच्या मेंढरांची चौकशी केली. हिरा शेंगा सोलत राहिली. एकदा "आक्का, त्या पातेल्याचं..." इथवर आली.

"काय झालं पातेल्याला?"

"काय न्हाई. घासलंय चांगलं."

"तू घासतीस, मला म्हाईत हाय," आक्का म्हणाल्या. "चिच किती लागती गं तुला? माझ्या झाडाची निम्मी तूच नेतीस." हिराला ठसका लागला. आक्कांनी पाण्याचा तांब्या पुढं केला आणि दुसरंच काही बोलू लागल्या. हिरा आली तशी परत गेली, ओच्यात मूठभर शेंगा घेऊन.

मंगळवारी मॅडम आल्या. ऋतिका नाव, वय फार तर अठ्ठावीस, स्कूटीवरून एकट्याच आल्या आणि हेल्मेट काढल्यावर आधी पाणी मागितलं. वाडीनं मोठ्या साहेबाची तयारी केली होती. देवळापुढं जाजम, दोन खुर्च्या, नारळ, आणि एका बाजूला घासूनपुसून ठेवलेलं थोरलं पातेलं. दोन्ही आळ्या जमल्या होत्या. गोजरआक्का काठी टेकत आल्या आणि पातेल्याशेजारच्या पायरीवर बसल्या. त्यांना घरात थांबवायचं काम सरूबाईकडं होतं. सरूबाईनं हिराकडं बघून दोन्ही हात हवेत उडवले.

मॅडमनी पातेलं पाहिलं, आत बोट फिरवलं, कल्हई गेल्याचं लिहून घेतलं. गटाचं काम चांगलं आहे म्हणाल्या, फोटोही आवडले म्हणाल्या. मग झेरॉक्स काढली.

"चांगदेव कोण?"

चांगदेव हात जोडून पुढं झाला.

"तुमच्याकडं एका वर्षात पाच सत्यनारायण झाले. सगळे पंधरा दिवसांत."

चांगदेव म्हणाला की त्याचा नवस होता. कसला, असं विचारल्यावर तो आभाळाकडं बघून म्हणाला, पावसाचा. चार झाल्यावर पाऊस आला नाही म्हणून पाचवा. मागं कुणीतरी खोकलं. मॅडमनी दादाभाऊला विचारलं, तुमचा प्रसाद कसला होता, एवढं पातेलं लागलं ते? दादाभाऊनं आयुष्यात खोटं बोलायचा सराव केलेला नव्हता. तो म्हणाला, शिरा. किती, तर पातेलंभर. मग एवढा शिरा खाल्ला कुणी? "लई माणूस व्हतं," दादाभाऊ म्हणाला, आणि घाम पुसायला टोपी काढली ती परत घालायचं विसरला. तुकाबाईला तेवढ्यात काय सुचलं कोण जाणे. ती बसल्या जागेवरून म्हणाली की शिरा जरा तिखट झाला होता, म्हणून पाणी वाढवलं. भाऊसाहेबांनी तोंड फिरवून देवळाच्या कळसाकडं बघायला सुरुवात केली. वहीत दोनदा त्यांचीही सही होती.

मॅडमनी पेन बंद केलं. आवाज चढवला नाही, उलट खाली आणला.

"हे बघा, भांड्यात तुम्ही काय करता याच्याशी अनुदानाचा संबंध नाही. लग्न करा, बारसं करा, काही करा. सगळ्यांनी मिळून वापरलं, एवढंच आम्हाला पाहिजे, आणि इथं तर कुणी एकट्यानं वापरलेलं मला दिसत नाही. पण ही वही खोटी दिसत्येय. खोट्या वहीवर मी सही केली तर उद्या मला जाब विचारतील. खरं काय ते एकानं सांगावं. मी इथंच दुरुस्ती लिहून घेते आणि शिफारस करते. नाहीतर मला दुसऱ्या गटाचा विचार करावा लागेल."

सगळ्यांच्या नजरा आधी मॅडमकडं, मग पातेल्याकडं, मग पायरीवर बसलेल्या आक्कांकडं गेल्या आणि तिथून घाईनं जमिनीवर आल्या. हिराला पदराच्या गाठीतली किल्ली एकाएकी जड लागली. तिला जीपमधल्या बायांची कोपरं आठवली, आणि मिटलेल्या मुठीवरचा आक्कांचा हात आठवला. ती उभी राहिली.

"मॅडम, वही मी लिवलीय," ती म्हणाली. "अक्षर माझं हाय. त्यातलं कारण खोटं हाय. चूक माझी, गटाची न्हाई."

"मग खरं कारण काय?"

हिरानं तोंड उघडलं. आक्का तिच्याकडंच बघत होत्या, सही शिकवताना बघायच्या तशा, वेलांटी कुठं वळवतेय ते पाहात. खोलीच्या पत्र्यावर कावळा चालत होता, त्याची नखं ऐकू येत होती.

"मटण," गोजरआक्का म्हणाल्या.

कावळाही थांबला असावा.

"लिवून घ्या, बाई. मटण शिजवत्यात. आखाडात रोज कुणाचं ना कुणाचं. अकरा आखाड झाले." आक्कांनी काठी पातेल्याच्या काठावर टेकवली, अगदी त्या खोल अक्षरांवर. "बुवांचा शब्द व्हता, म्हणून ह्याच्यावर लिवून घेतलं. माळ त्यांनी घातली व्हती, म्या न्हाई. ते व्हते तवर त्यांच्यासाठी सोडलं. मागनं कुणी इचारलंच न्हाई. हे बुवांचं आता देवापाशी ठेवा आन् कल्हईवाला मिळंल तवा मिळंल. सप्त्याच्या आमटीला येक नवं, आन् आखाडाला येक नवं. दोन मागा म्हणले, ते काय उगंच?"

मॅडमचं पेन चालू झालं होतं. चांगदेव जाजमाचे दोरे मोजत होता. सरूबाईच्या तोंडावरचा पदर हलत होता, पण ती हसतेय की रडतेय ते तिलाही सांगता आलं नसतं. हिरा अजून उभीच होती.

"आक्का," ती कशीबशी म्हणाली, "तुमाला म्हाईत व्हतं, मग बोलला का न्हाई?"

"मी कशाला बोलू? चोरी तुमची," गोजरआक्का म्हणाल्या. मग त्यांनी वरल्या आळीपासून खालच्या आळीपर्यंत एकेका चेहऱ्यावरून नजर फिरवली आणि ती शेवटी हिरावर आणून ठेवली. "मळ्यात चूल मांडली म्हणून वारं काय तुमचं ऐकतंय व्हय? अकरा आखाड मी ओट्यावर बसून नुसता वास घेतीया. आन् एवढ्या गावात एकीलाबी वाटलं न्हाई, म्हातारीला वाटीभर रस्सा न्यावा."